जगलेली मुले वाढलीही पाहिजेत

(एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळावर आठी उमटली असेल. सहकुटुंब ऐकायच्या व्याख्यानमालेत एचआयव्हीचा विषय कशासाठी, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. म्हणून प्रारंभीच सांगतो, मी आज मुलांविषयी बोलणार आहे. आईच्या उदरात असताना, जन्माच्या वेळी किंवा तिचे दूध पिताना ज्यांच्या रक्तात हा विषाणू शिरला, अशा मुलांविषयी. त्यांना हा आजार का झाला याची चर्चा आपण आपापल्या परीने पुष्कळ केली. औषध सुरू झाल्यानंतर ही मुले वाढतात कशी, त्यांच्या अंगी अन्न लागते कसे आणि त्यांचे शरीर तारुण्यापर्यंत कोणत्या अवस्थेत पोहोचते, याची चर्चा मात्र आपण जवळजवळ केलेलीच नाही. मी वैद्य नाही. कला शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने पत्रकार आहे. तेव्हा वैद्यकातील परिभाषा शक्य तितकी बाजूला ठेवून, घरातल्या भाषेत हा विषय आपल्यासमोर मांडण्याचा प्रयत्न करतो.

एका मुलाचे भाषण

जुलै २००० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील दरबान शहरात तेरावी आंतरराष्ट्रीय एड्स परिषद भरली होती. जगभरातील शास्त्रज्ञ, मंत्री, अधिकारी समोर बसले होते. उद्घाटनाच्या कार्यक्रमात एनकोसी जॉन्सन नावाचा अकरा वर्षांचा मुलगा बोलायला उभा राहिला. जन्मापासून एचआयव्हीसह जगणाऱ्या या मुलाला शाळेत प्रवेश द्यावा की नाही, यावर तीन वर्षांपूर्वी त्याच्या देशात मोठा वाद झाला होता. त्याने त्या सभेत मागितले ते एवढेच, की गर्भवती मातांना औषध द्या म्हणजे माझ्यासारखी मुले जन्माला येणार नाहीत, आणि आम्हालाही माणसे म्हणून जवळ करा. १ जून २००१ रोजी, वयाच्या बाराव्या वर्षी तो गेला.

त्या प्रसंगाची छायाचित्रे आजही पाहायला मिळतात. त्यात मनाला लागते ती त्या मुलाची शरीरयष्टी. वय अकरा, पण अंगकाठी त्याच्या निम्म्या वयाच्या मुलाची वाटावी अशी. विषाणूने त्याचे प्राण शेवटी घेतले, पण त्याआधी कित्येक वर्षे तो त्याची वाढ खात होता. आजच्या विषयाचे मर्म यातच आहे. मोठ्या माणसाला एचआयव्ही झाला तर त्याचे शरीर खंगते, पण ते मुळात घडलेले असते. मुलाच्या बाबतीत शरीर घडण्याचे कामच चालू असते आणि विषाणू त्या कामात खीळ घालतो.

खाल्लेले अंगी का लागत नाही?

आपल्याकडे आया म्हणतात, "खातो चांगला, पण अंगी लागत नाही." एचआयव्हीबाधित मुलाच्या बाबतीत हे वाक्य शब्दशः खरे असते. विषाणू शरीरात सतत वाढत असतो आणि प्रतिकारयंत्रणा त्याच्याशी सतत लढत असते. या लढाईला इंधन लागते. मूल नुसते पडून असले तरी त्याच्या शरीराचा खर्च निरोगी मुलापेक्षा अधिक असतो. दुसरीकडे आतड्याच्या अस्तराला इजा होते, जुलाब वारंवार होतात आणि पोटात गेलेले अन्न पुरते शोषले जात नाही. तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे आले की घास गिळवत नाही. क्षयरोग सोबतीला आला की भूकच मरते. याखेरीज शरीरात सतत धुमसणाऱ्या दाहामुळे वाढीच्या संप्रेरकांचे कामही मंदावते. म्हणजे आवक घटलेली, गळती वाढलेली आणि खर्च दुप्पट, अशा संसारासारखी त्या मुलाच्या शरीराची स्थिती होते. अशा संसारात बचत कुठून होणार? मुलाच्या शरीरातील बचत म्हणजे त्याची उंची, त्याचे स्नायू आणि त्याची हाडे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये या मुलांच्या आहाराविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यातील हिशेब लक्षात ठेवण्याजोगा आहे. लक्षणे नसलेल्या, बरी वाढणाऱ्या बाधित मुलाला समवयस्क निरोगी मुलापेक्षा सुमारे १० टक्के अधिक ऊर्जा लागते. वजन घटत असेल किंवा क्षय, फुप्फुसाचा जुनाट आजार यांसारखे दुखणे असेल, तर २० ते ३० टक्के अधिक. आणि मूल तीव्र कुपोषित असेल तर ५० ते १०० टक्के अधिक. पाच वर्षांच्या मुलाच्या बाबतीत दहा टक्के म्हणजे फार काही नसते. दिवसाकाठी एखादी भाकरी अधिक. पण आई-वडील दोघेही आजारी, घरात कमावते कोणी नाही आणि मुले म्हाताऱ्या आजीच्या पदरात, अशा घरात ती एक भाकरीही सहज उभी राहत नाही.

गेलेला काळ परत येत नाही

आता औषधाकडे वळू. एचआयव्हीला मुळापासून उखडून टाकणारे औषध आजही नाही. परंतु विषाणूची वाढ रोखून धरणारी तीन औषधांची उपचारपद्धती आहे, तिला एआरटी म्हणतात. भारत सरकारने १ एप्रिल २००४ पासून हा उपचार मोफत देण्यास सुरुवात केली आणि ३० नोव्हेंबर २००६ रोजी मुलांसाठीचा स्वतंत्र राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला.

मुलांना औषध केव्हा सुरू करावे, याविषयी तेव्हा डॉक्टरांमध्येही मतभेद होते. औषधे तीव्र, जन्मभर घ्यावी लागणारी, तेव्हा बाळ ठणठणीत दिसते तोवर थांबावे, असा एक विचार होता. त्याचे उत्तर दक्षिण आफ्रिकेतील सोवेटो आणि केपटाऊन येथील 'चेर' या अभ्यासाने दिले. सहा ते बारा आठवड्यांची, बाधित पण वरवर निरोगी बालके निवडण्यात आली. १२५ बालकांना त्यावेळच्या रिवाजाप्रमाणे, लक्षणे दिसल्यावर किंवा रक्तातील संरक्षक पेशी घटल्यावर औषध द्यायचे ठरले. २५२ बालकांना लगेच औषध दिले गेले. २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. थांबलेल्या गटातील २० बालके, म्हणजे १६ टक्के, दगावली होती. लगेच औषध मिळालेल्या गटातील १०, म्हणजे ४ टक्के. बाळ ठणठणीत दिसत होते म्हणून थांबणे किती महागात पडते, हे त्या आकड्यांनी जगाला दाखवले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने एक वर्षाच्या आतील प्रत्येक बाधित बालकाला तात्काळ औषध देण्याची शिफारस केली. २०१५ मध्ये ही शिफारस सर्व वयोगटांना लागू झाली आणि भारताने ती २०१७ मध्ये स्वीकारली.

ही गोष्ट झाली जगण्याची. वाढीच्या बाबतीतही काळाचा हिशेब तितकाच कठोर आहे. औषध सुरू झाले की बहुतेक मुलांचे वजन पहिल्या काही महिन्यांतच वाढू लागते. जुलाब थांबतात, भूक लागते, गालांवर मांस दिसते. घरातली माणसे म्हणतात, पोराने बाळसे धरले. उंची मात्र सावकाश वाढते, वजनाच्या मागून, वर्षावर्षाच्या हिशेबाने. आणि येथे वयाचा प्रश्न येतो. पहिल्या दोन वर्षांत औषध सुरू झालेली मुले उंचीतील तूट बऱ्याच अंशी भरून काढतात. आठ-दहा वर्षांची झाल्यावर ज्यांना पहिली गोळी मिळते, त्यांचे वजन सुधारते, पण समवयस्कांच्या उंचीला ती बहुधा पोहोचत नाहीत. अशा मुलांचे वयात येणेही लांबते. त्यामुळे वाढीला थोडा अधिक अवधी मिळतो हे खरे, पण सगळी तूट त्यात भरून निघत नाही.

यातून निष्कर्ष सरळ निघतो. बाळाची तपासणी जितकी लवकर, तितकी त्याची उंची अधिक. आता तपासणीतही एक खोच आहे. आपण मोठ्यांची जी तपासणी करतो ती विषाणूची नसून त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रतिपिंडांची असते. आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात. म्हणून त्या वयाआधी साध्या तपासणीवरून बाळ बाधित आहे असा निर्वाळा देता येत नाही. त्यासाठी विषाणूचाच शोध घेणारी पीसीआर तपासणी लागते. बाळ सहा आठवड्यांचे झाले की टाचेतून रक्ताचे चार थेंब घेऊन ते खास कागदावर वाळवतात आणि प्रयोगशाळेत पाठवतात. भारतात २०१० पासून ही सोय राष्ट्रीय कार्यक्रमात आली.

सोय आली, पण तिच्यापर्यंत आई पोहोचते का? तिथे आपण, म्हणजे समाज, आडवे येतो. सासरी कळेल, गावात बभ्रा होईल, मोठ्या मुलीचे लग्न मोडेल या भीतीने बाळाची तपासणी पुढे ढकलली जाते. प्रसूतीसाठी माहेरी गेलेली सून कागदपत्रे लपवून ठेवते. बाळ वारंवार आजारी पडते तेव्हा "दात येताहेत", "दृष्ट लागली" अशी कारणे निघतात. या मौनात सहा महिने जातात, वर्ष जाते, दोन वर्षे जातात. औषध न मिळालेल्या बाधित बालकांपैकी सुमारे निम्मी दुसऱ्या वाढदिवसाआधीच जातात, असा जगाचा अनुभव आहे. जी राहतात त्यांच्या उंचीवर त्या मौनाची खूण जन्मभर राहते. लोकलज्जेची किंमत इतक्या थेटपणे सेंटिमीटरमध्ये मोजता येते, असे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

बाळसे कशाचे?

समजा, औषध वेळेवर सुरू झाले, वजनही वाढले. मग चिंता संपली का? येथे विषयाचा दुसरा आणि कमी परिचित भाग सुरू होतो. वाढलेले वजन स्नायूंचे आहे, हाडांचे आहे की नुसत्या चरबीचे, हा प्रश्न विचारावा लागतो. शरीरात अन्नाचे रूपांतर ऊर्जेत आणि घडणीत होण्याच्या सगळ्या व्यवहाराला आपण चयापचय म्हणतो. एचआयव्ही या व्यवहारात ढवळाढवळ करतोच, आणि काही औषधेही करतात.

सुरुवातीच्या काळात गरीब देशांतील उपचारांत स्टॅव्ह्युडिन हे औषध सर्रास वापरले जाई. ते स्वस्त होते, त्याने असंख्य जीव वाचले, हे विसरता कामा नये. पण काही वर्षे ते घेतलेल्या मुलांचे गाल आत जाऊ लागले, हातापायांवरची चरबी झडून शिरा दिसू लागल्या. काहींचे पोट मात्र सुटले. ज्या आजाराचे नाव कुटुंबाने प्रयत्नपूर्वक लपवले होते, तो आता मुलाच्या चेहऱ्यावरच लिहिला गेला. वयात येणाऱ्या मुलामुलींना आरशात पाहणे नकोसे झाले आणि काहींनी औषधच टाळले. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये हे औषध टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा सल्ला दिला आणि भारतातही ते मागे पडले.

त्यानंतर लहान बाळांसाठी लोपिनाव्हिर हे औषध आले. विषाणूवर ते प्रभावी. पण त्याचे सिरप इतके कडू, की बाळ ओकून टाकी; त्यात ४० टक्क्यांहून अधिक मद्यार्क असे आणि ते थंड जागी ठेवावे लागे. जिथे वीज नाही तिथे शीतकपाट कुठले? शिवाय या औषधाने रक्तातील कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड वाढण्याची प्रवृत्ती दिसली. ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातून फिरणारी चरबी. पाच वर्षांच्या मुलाला त्याचा आज काहीच त्रास होत नाही. पण हे मूल पुढची पन्नास-साठ वर्षे औषध घेणार आहे. रक्तवाहिन्या लहानपणापासून चरबीच्या माऱ्याखाली राहिल्या, तर चाळिशीत हृदयाचे काय होईल? जोहान्सबर्ग येथे सुमारे ३०० मुलांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले, की विषाणू नियंत्रणात आल्यावर तीन वर्षांवरील मुलांना लोपिनाव्हिरवरून दुसऱ्या सोप्या औषधावर नेता येते आणि विषाणू काबूतच राहतो. 'जीव वाचवणारे औषध बदलायचे कसे' ही भीती त्यामुळे कमी झाली.

आज जगभर मुलांच्या उपचारात डोल्युटेग्राव्हिर हे औषध अग्रभागी आहे. युगांडा, झिंबाब्वे, दक्षिण आफ्रिका, थायलंड आणि युरोपातील मुलांवर झालेल्या 'ओडिसी' अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. १४ किलो व त्याहून अधिक वजनाच्या ७०७ मुलांत, सुमारे दोन वर्षांत उपचार अपयशी ठरण्याचे प्रमाण या औषधावर १४ टक्के आणि जुन्या उपचारांवर २२ टक्के आढळले. रक्तातील चरबीच्या दृष्टीनेही हे औषध अधिक सौम्य आहे. प्रौढांमध्ये, विशेषतः स्त्रियांमध्ये, त्यामुळे वजन बरेच वाढते असा अनुभव दक्षिण आफ्रिकेतूनच २०१९ मध्ये पुढे आला होता. म्हणून मुलांच्या वजनाकडे डोळ्यांत तेल घालून पाहिले गेले. त्यांचे वजन किंचित अधिक वाढले, पण सोबत उंचीही किंचित अधिक वाढली. चिंता वाटावी असा लठ्ठपणा त्या अभ्यासात दिसला नाही. तरीही किशोरवयात लक्ष ठेवणे आवश्यकच.

भारतीय मुलांच्या बाबतीत तर या सावधगिरीला आणखी एक कारण आहे आणि ते पुण्याने जगाला दाखवले. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा आणि बाळांचा अभ्यास केला. तेथील नवजात बाळाचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळाचे ३.५ किलो. आपले बाळ लहान आणि कृश. पण कातडीखालची चरबी मोजली तेव्हा ती त्या प्रमाणात कमी नव्हती. स्नायू कमी, चरबी टिकून. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणामुळे वरून कृश आणि आतून मेदयुक्त भारतीय बाळाची संकल्पना जगात रूढ झाली. हा अभ्यास एचआयव्हीबाधित मुलांचा नव्हता. पण त्यातून आपण काय घ्यावे? मुळात कमी स्नायू घेऊन जन्मणारे, आजाराने आणखी खुरटलेले मूल औषध मिळाल्यावर झपाट्याने फुगले, तर ती चरबी पुढे मधुमेहाला आमंत्रण ठरू शकते. म्हणून नुसता गुबगुबीतपणा पाहून समाधान मानण्यात धोका आहे.

मुंबईच्या गोळ्या, आफ्रिकेची मुले

यातले बरेचसे संशोधन आफ्रिकेतील, औषधे मात्र मोठ्या प्रमाणावर आपल्या भूमीतील, याचा आपल्याला सार्थ अभिमान वाटला पाहिजे. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या सिप्ला कंपनीने, डॉ. युसुफ हमीद यांच्या नेतृत्वाखाली, २००१ मध्ये तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देण्याची तयारी दाखवली. तोवर पेटंटधारी कंपन्यांच्या औषधांचा खर्च दहा हजार डॉलरच्या पुढे होता. मुलांसाठी तीन औषधे एकाच छोट्या, पाण्यात विरघळणाऱ्या गोळीत बसवण्याचे कामही या कंपनीने केले आणि झांबियातील मुलांवर त्या गोळ्यांचा अभ्यास झाला. पुढे डोल्युटेग्राव्हिरची मुलांसाठीची स्ट्रॉबेरीच्या चवीची गोळी आली. २०२० मध्ये तिची किंमत बरीच खाली आणण्याचा जो करार झाला, त्यात मुंबईची मॅक्लिऑड्स कंपनी सहभागी होती. कडू सिरप ओकून टाकणाऱ्या बाळाच्या आईला या गोळीचे मोल विचारावे.

या गोळीचा हिशेब मुद्दाम सांगतो, कारण त्यात आजच्या विषयाचे सार आहे. गोळी दहा मिलिग्रॅमची. तीन किलोपासून सहा किलोच्या आतील बाळाला ती अर्धी द्यायची. सहा ते दहा किलोच्या आत दीड, दहा ते चौदाच्या आत दोन, चौदा ते वीसच्या आत अडीच. वीस किलो पूर्ण झाले की मोठ्यांची पन्नास मिलिग्रॅमची एक गोळी. म्हणजे मुलाचे वजन बदलले की मात्रा बदलते. वजन मोजायचे राहिले, तर वाढलेल्या मुलाला जुनीच मात्रा मिळत राहते, ती अपुरी पडते आणि विषाणू औषधाला सरावतो. एरवी वजनकाटा हे तपासणीचे साधन. येथे तो औषधाच्या बाटलीइतकाच उपचाराचा भाग आहे.

घराने काय करावे, समाजाने काय करावे?

ज्या घरात असे मूल आहे, तेथील आजी, काकू, मामा यांना उपयोगी पडावे म्हणून काही गोष्टी सांगतो. मुलाचे वजन आणि उंची ठरावीक अंतराने मोजून वहीत तारखेसह लिहून ठेवावी आणि प्रत्येक भेटीत ती वही एआरटी केंद्रातील डॉक्टरांना दाखवावी. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर अंगणवाडीत मोजून मिळतो. तो साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली असेल तर ते तीव्र कुपोषण आहे. अशा मुलाला घरी एकदम भरपूर खाऊ घालू नये. त्याचे शरीर तो भार पेलू शकत नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, गुंतागुंत असल्यास आधी रुग्णालयात स्थिर करून, टप्प्याटप्प्याने आहार वाढवावा लागतो.

मूल सावरले की आजीची माया उतू जाते. तूप, साखर, बिस्किटे, फरसाण यांचा मारा होतो. माया समजण्यासारखी आहे, पण या मुलाला हवी आहेत प्रथिने. वरण, उसळ, शेंगदाणे, दूध, अंडे आणि सोबत भाकरी, पालेभाजी, फळ. भाजणीचे थालीपीठ आणि नाचणीची पेज या आपल्या जुन्या गोष्टी येथे कामी येतात. हाडांसाठी दूध-नाचणी, सकाळचे ऊन आणि धावपळ हवी, कारण आजार आणि काही औषधे हाडांची घनता कमी करतात. स्नायू खेळाशिवाय येत नाहीत. तेव्हा 'आजारी आहे, बसू दे' म्हणून मुलाला ओट्यावर बसवून ठेवू नये. सूर्यनमस्कार, खो-खो, पोहणे, जे इतर मुले करतात ते त्यानेही करावे. मोठे होताना रक्तातील साखर आणि चरबी यांची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने होत राहावी. एखादे औषध शरीराला मानवत नसेल तर ते आपल्या मनाने बंद करू नये. डॉक्टरांकडे पर्याय आहेत. आणि कोणी एआरटी सोडून 'रामबाण' उपाय घ्या म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

आता समाजाचे कर्तव्य. एका ताटात जेवल्याने, एका मैदानात खेळल्याने, एका बाकावर बसल्याने हा विषाणू पसरत नाही, हे आपण वर्षानुवर्षे ऐकतो. तरीही शाळेत असे मूल आहे म्हटल्यावर पालकांच्या बैठका होतात. या मुलांचे शिक्षण, उपचार, वास्तव्य यांत भेदभाव करण्यास आता कायद्यानेच मनाई आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यात एक तरतूद वाचून मी बराच वेळ थबकलो होतो. एचआयव्हीबाधित कुटुंबाचा कारभार सांभाळणारे बारा वर्षांवरील समजूतदार भावंड आपल्या धाकट्या भावंडाचे पालकत्व करू शकते. कायदा करणाऱ्यांना अशी घरे दिसली होती, म्हणूनच ही तरतूद आली. बारा वर्षांची मुलगी धाकट्या भावाला औषध भरवते, त्याचे वजन करायला नेते. अशा मुलीच्या पाठीशी कोणी उभे राहायचे?

महाराष्ट्रात काही माणसे उभी राहिली आहेत. पुण्याचे मानव्य, पंढरपूरची पालवी, बीडचे इन्फंट इंडिया, लातूर जिल्ह्यातील हासेगावचे सेवालय, अहिल्यानगरचे स्नेहालय ही नावे आपण ऐकली असतील. आजारामुळे घर नाकारलेली मुले तेथे वाढली, शिकली. पण ही घरे अपवादाची आहेत आणि अपवादाचीच राहावीत. मुलाची खरी वाढ स्वतःच्या घरात, स्वतःच्या गावात व्हावी. २०२३ च्या राष्ट्रीय अंदाजानुसार भारतात सुमारे २५ लाख माणसे एचआयव्हीसह जगत होती आणि राज्यांत सर्वाधिक संख्या महाराष्ट्राची होती. तेव्हा हा प्रश्न दूरच्या कोणाचा आहे असे आपल्याला म्हणता येणार नाही.

जगाचे चित्रही पाहा. त्याच वर्षी जगात चौदा वर्षांपर्यंतची सुमारे १४ लाख मुले एचआयव्हीसह जगत होती. प्रौढांपैकी ७७ टक्क्यांना औषध मिळत होते, मुलांपैकी केवळ ५७ टक्क्यांना. सुमारे ७६ हजार मुले त्या एका वर्षात गेली. मोठी माणसे रांगेत उभी राहून आपले औषध मागू शकतात. मुलाला कोणीतरी हात धरून न्यावे लागते.

सेवावस्तीत, अंगणवाडीत, शाळेत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना म्हणूनच माझी विनंती आहे. गर्भवतीची तपासणी झाली का, हे आपुलकीने विचारा. योग्य वेळी औषध मिळाले तर आईकडून बाळाकडे विषाणू जाण्याचे प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली येते. काहीच केले नाही तर ते १५ ते ४५ टक्के असते. बाळ जन्मले की सहाव्या आठवड्यात त्याची तपासणी होईल, हे पाहा. जे कळेल ते पोटात ठेवा. एकदा गुप्तता मोडली की ते कुटुंब पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही. बसभाड्यासाठी केंद्रावर जाणे अडले असेल तर ते भाडे द्या. एका मुलाच्या दुधाची, शेंगदाणा-गुळाची, अंड्यांची वर्षभराची जबाबदारी चार कुटुंबांनी मिळून घेतली, तर कोणावरही भार पडत नाही.

पाव शतकापूर्वी दरबानच्या त्या सभेत एक मूल जगण्यासाठी बोलत होते. आज औषध आहे, ते मोफत आहे आणि ते आपल्याच देशात तयार होते. त्यामुळे जगण्याचा प्रश्न बराचसा सुटला आहे. वाढण्याचा प्रश्न मात्र गोळीने एकटीने सुटणारा नाही. त्याला वेळेवरची तपासणी हवी, ताटात सकस घास हवा, भिंतीवर उंचीची रेघ मारणारे घर हवे आणि त्या मुलाला खेळात घेणारे सवंगडी हवेत. यातली कोणतीही गोष्ट आपल्या आवाक्याबाहेरची नाही. आपल्या परिसरातील एखाद्या मुलाच्या उंचीची रेघ पुढच्या वर्षी दोन बोटे वर गेली आणि त्यात आपला थोडासा वाटा असला, तर आजची ही सायंकाळ सार्थकी लागली असे मी समजेन.